डेन्मार्कची सामुदायिक ऊब

महाराष्ट्रातील माणसाला थंडी ही दोन महिन्यांची पाहुणी वाटते. अंगावर घोंगडी, अंगणात शेकोटी, म्हाताऱ्यांच्या पायांशी शेगडी, एवढ्यावर तिची बोळवण होते. नोकरीधंद्यानिमित्त श्रीनगरला किंवा सिमल्याला जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना मात्र कांगडी, बुखारी आणि लाकूडफाट्याचा हिशेब यांची ओळख घडते, आणि घर गरम ठेवणे हा संसारातला केवढा मोठा खर्च होऊ शकतो हे त्यांना उमगते. उत्तर युरोपात हा खर्च वर्षातील सात-आठ महिने चालू असतो. तेथे घरातील ऊब अन्नाइतकीच निकडीची. आणि म्हणूनच ती कोणी पुरवावी, कोणत्या इंधनावर पुरवावी व तिचा दर कोणी ठरवावा, हा त्या देशांत राज्यकारभाराचा प्रश्न होऊन बसतो. या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा कोणी केला असेल, तर तो डेन्मार्क या चिमुकल्या राष्ट्राने.

डेन्मार्कचे नाव दक्षिणेतील मराठी मंडळींना अगदीच परके नाही. तंजावरच्या राज्याला लागून समुद्रकाठी तरंगमबाडी येथे १६२० पासून १८४५ पर्यंत डॅनिश लोकांचे ठाणे होते, आणि सरफोजी राजांना, म्हणजे दुसऱ्या सरफोजींना, विद्येची गोडी लावणारे श्वार्ट्झ हे धर्मोपदेशक डॅनिश मिशनतर्फेच हिंदुस्थानात आले होते. देश म्हणाल तर महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा. वस्ती साठ लाखांच्या आसपास. सगळी भूमी सपाट. त्यामुळे धबधबे नाहीत आणि जलविद्युतही नाही. चांगल्या दगडी कोळशाची खाण नाही. वारा मात्र उदंड, आणि तिन्ही बाजूंना समुद्र.

अशा देशात जळणाचा तुटवडा जुनाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील अरण्ये इतकी विरळ झाली होती, की उरलेसुरले वृक्ष वाचविण्यासाठी १८०५ साली राजाज्ञा काढून जंगले राखीव करावी लागली. मग पाणथळ जमिनीतील पीट, म्हणजे अर्धवट कुजून वाळलेले गवतमूळ, खणून जाळण्यात आले. त्यानंतर इंग्लंडचा कोळसा जहाजांतून येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा कोळसा दुर्मिळ होताच लोक पुन्हा पीटकडे आणि जटलंडमधील हलक्या तपकिरी कोळशाकडे वळले. युद्ध संपल्यावर स्वस्त खनिज तेलाचे दिवस आले. घरोघरी तळघरात तेलावर चालणारा बंब बसला. आपल्याकडच्या न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाचेच हे थोरले भावंड; त्यातील गरम पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतून फिरते आणि भिंतीलगतचे लोखंडी तापक तापविते. राखेची कटकट नाही, कोळशाची धूळ नाही. डॅनिश गृहिणीला हा बंब वरदान वाटला असेल तर त्यात नवल नाही.

पण या घरगुती बंबांच्या बरोबरीने डेन्मार्कात दुसरी एक परंपरा आधीच रुजली होती. कोपनहेगन शहराने चहूबाजूंनी वेढलेले फ्रेडरिक्सबर्ग हे स्वतंत्र गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आपला केरकचरा टाकावा कोठे, हा प्रश्न त्या गावापुढे उभा राहिला. कारण गावाला हातपाय पसरायला जागाच उरली नव्हती. तेव्हा १९०३ साली तेथे कचरा जाळण्याचे केंद्र उभारण्यात आले. त्या आगीवर वाफ केली, वाफेवर वीज केली, आणि उरलेली वाफ जमिनीखालच्या बोगद्यातून नव्या रुग्णालयाला नेऊन पोहोचविली. गावाची घाण गावातल्या रोग्यांना ऊब देऊ लागली! पुढे १९२० नंतर लहानसहान गावांतील डिझेलवर चालणाऱ्या वीजघरांनी हाच मार्ग पत्करला. यंत्र थंड करण्यासाठी फिरविलेले पाणी गरम होते, ते ओतून देण्याऐवजी शेजारच्या घरांना विकावे, एवढीच त्यामागची व्यवहारी बुद्धी. डॅनिश भाषेत या व्यवस्थेला 'दूरची ऊब' अशा अर्थाचे नाव आहे.

यामागचे शास्त्र सोपे आहे. कोळसा जाळून वीज करणाऱ्या साध्या केंद्रात इंधनातील उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, विजेच्या रूपाने हाती येतो. बाकीची उष्णता नदीला, समुद्राला किंवा आकाशाला अर्पण होते. तीच जर गरम पाण्याच्या रूपाने घरांना पुरविली तर वीज किंचित कमी मिळते खरी. परंतु इंधनातील ऐंशी-नव्वद टक्के शक्ती कारणी लागते. महाराष्ट्रातील साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वाफ करून त्याच वाफेवर वीज आणि रसाचे आटवण अशी दोन्ही कामे करतात, ते याच तत्त्वावर. फरक एवढाच की कारखान्यात उष्णतेचे गिऱ्हाईक एकाच छपराखाली असते, आणि गावात ते गल्लीबोळांतून विखुरलेले असते.

आणि येथेच नियोजनाचा प्रश्न उपस्थित होतो. वीज तारेवरून शेकडो मैल नेता येते. तेल टाकीतून कोठेही धाडता येते. उष्णतेचे तसे नाही. ती पाटाच्या पाण्यासारखी आहे. पाट जितका लांब, तितके पाणी वाटेत मुरते आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला थोडेच येते. घरे दाटीने असली तर नळाच्या प्रत्येक वाराला पुरेसे गिऱ्हाईक मिळते; घरे विरळ असली तर अर्धी उष्णता मातीलाच जायची. तेव्हा एखाद्या गल्लीत नळ घालावा की घालू नये, हे राजधानीत बसून ठरविता येत नाही. त्यासाठी ती गल्लीच पाहावी लागते. खानदेशातील फड पद्धतीत गावचे पाटकरी बांध नि बांध ओळखून पाणी वाटत. काहीशी तशीच नजर येथेही लागते.

ही नजर डेन्मार्कला लाभली ती संकटामुळे. १९७३ साली देशाच्या एकूण शक्तीपैकी नऊदशांशांहून अधिक हिस्सा परदेशी तेलातून येत होता. त्या वर्षी ऑक्टोबरात मध्यपूर्वेत युद्ध पेटले आणि काही महिन्यांत तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. २५ नोव्हेंबर १९७३ पासून डेन्मार्कात रविवारी खाजगी मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई झाली. मोकळ्या राजमार्गांवरून लोक सायकली घेऊन फिरले, त्याची छायाचित्रे अजूनही त्या देशात कौतुकाने दाखविली जातात. पण ज्या बंबाचे घरात कौतुक होते तोच आता घरातला सावकार झाला होता, ही गोष्ट छायाचित्रांत येण्यासारखी नव्हती.

१९७६ साली देशाचा पहिला शक्ति-आराखडा तयार झाला व त्यासाठी एक सरकारी खातेही निघाले. १९७९ साली तेलाचे दुसरे संकट आले, आणि त्याच वर्षी उष्णता-पुरवठ्याचा कायदा संमत झाला. जगातील या प्रकारच्या कायद्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे, आणि त्याचे महत्त्व त्यातील कलमांपेक्षा त्याने घालून दिलेल्या कामाच्या क्रमात अधिक आहे. त्या वेळी डेन्मार्कात २७५ नगरसभा होत्या. प्रत्येक नगरसभेने आधी आपल्या हद्दीची मोजदाद करावी, असा हुकूम झाला: कोठे किती घरे आहेत, त्यांना वर्षाला किती उष्णता लागते, ती आज कशातून मिळते, जवळपास एखादे वीजघर, कारखाना किंवा कचरा जाळण्याची भट्टी आहे काय. ही माहिती चौदा जिल्ह्यांकडे गेली. जिल्ह्यांनी ती जुळवून पुढील वीस वर्षांचे अंदाज बांधले. आणि मग नकाशे निघाले. अमुक भाग सामुदायिक गरम पाण्याचा, तमुक भाग नैसर्गिक वायूचा, आणि उरलेली विरळ वस्ती ज्याच्या त्याच्या चुलीवर सोपविलेली. एका भागात दोन नळ घालून स्पर्धा लावायची नाही, हा त्यातला दंडक होता. कारण दोन्ही नळांचा खर्च अखेर त्याच रहिवाशांच्या माथी बसला असता.

हे काम बाहेरून रुक्ष दिसते. पहिली काही वर्षे लोकांना त्यातून कागदाखेरीज काही मिळालेही नाही. परंतु नव्या राजकीय घोषणांच्या मानाने हा कागद फार टिकाऊ ठरला. पुढे कोळसा गेला, वायू आला, पेंढा आला, सूर्याची उष्णता आली. परंतु पाण्याचे नळ तेच राहिले. इंधन बदलायचे झाल्यास लाखो तळघरांत शिरावे लागत नव्हते. गावच्या एका भट्टीपाशी गेले म्हणजे पुरत होते.

नकाशा काढला म्हणून लोक नळाला येऊन मिळतातच असे नाही. नगरसभांना म्हणून सक्तीचा अधिकार देण्यात आला. ठराविक मुदतीत घराने सामुदायिक पुरवठ्याशी जोडून घेतलेच पाहिजे, असा आदेश त्या काढू शकत. १९८८ साली तर नव्या इमारतींत विजेवर घर गरम करण्यास बंदी झाली. स्वातंत्र्याचा अभिमान बाळगणाऱ्या या लोकांनी एवढी सक्ती का सोसली? त्याचे उत्तर दराच्या कलमात आहे. उष्णता विकून नफा करायचा नाही. लागेल तेवढाच खर्च दरात धरायचा. एका वर्षी शिल्लक उरली तर ती पुढच्या वर्षीच्या दरातून परत करायची, असे कायद्याचे सांगणे होते. शिवाय देशात जे सुमारे चारशे उष्णता-पुरवठादार आहेत, त्यांपैकी बहुसंख्य संस्था रहिवाशांच्याच सहकारी संस्था आहेत आणि उरलेल्या बहुतांशी नगरसभांच्या. १८८२ साली येडिंग येथे पहिली सहकारी दूधडेअरी काढणाऱ्या, ग्रुंटविगच्या लोकशाळांत शिकून तयार झालेल्या शेतकऱ्यांची ही नातवंडे-पतवंडे. वार्षिक सभेत हिशेब मागणे आणि चिटणिसाला धारेवर धरणे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. सक्ती होती, पण सक्ती करणाऱ्याला दरवर्षी हिशेबासाठी समोर बसविता येत होते. प्रवरानगरच्या आणि वारणेच्या सभासदांना ही भाषा समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र या नियोजनाची सगळीच पाने उजळ नाहीत. उत्तर समुद्रात डेन्मार्कला वायू सापडला होता आणि १९८४ पासून तो देशभर नळांतून वाहू लागला. तेलाला पर्याय मिळाला म्हणून राज्यकर्ते हरखले, आणि उष्णतेच्या नकाशावर मोठमोठे भाग वायूला देऊन मोकळे झाले. वायूचे जाळे नगरसभांच्या संयुक्त मंडळांनी कर्ज काढून उभारले होते. १९८६ साली तेलाची किंमत कोसळली आणि वायू महाग भासू लागला. कर्ज फिटावे, वायूचे गिऱ्हाईक टिकावे, म्हणून सरकारने तेलावरील कर चढविला. करामुळे लोकांना स्वस्त तेलाचा मोह पुन्हा पडला नाही, हा त्याचा फायदा. परंतु ज्या वस्त्यांत सामुदायिक गरम पाणी सहज पोहोचले असते, त्याही वस्त्या वायूच्या नळाशी बांधल्या गेल्या, हा तोटा. तो तोटा कळायला चाळीस वर्षे लागली.

आणखी एक चूक लहान खेड्यांत झाली. १९९० साली कायदा सुधारून जागोजागी वीज आणि उष्णता एकत्र निर्माण करणारी छोटी केंद्रे काढण्याचे धोरण आखण्यात आले. मोठ्या गावांत ते शोभून दिसले. परंतु जेथे पूर्वी सामुदायिक नळच नव्हते, अशा शेदोनशे घरांच्या खेड्यांतही माळरानावर वायूची केंद्रे उभी राहिली. उपभोक्ते थोडे, कर्ज मोठे, वायू महाग. मग दर वाढला. दर वाढला म्हणून सुटू पाहावे तर जोडणीची सक्ती आड येई. शेजारच्या शहरातील माणूस स्वस्तात ऊब घेतो आहे आणि आपण मात्र तिच्यासाठी कितीतरी अधिक मोजतो आहोत, ही भावना त्या खेड्यांत वर्षानुवर्षे धुमसत राहिली. या केंद्रांना विजेपोटी मिळणारे ठोक अनुदान २०१८ च्या अखेरीस थांबले. २०१९ पासून जोडणीची नवी सक्ती करण्याचा नगरसभांचा अधिकारही काढून घेण्यात आला. रोज एकमेकांचे तोंड पाहणाऱ्या माणसांच्या संस्थेतही चुकीचा नकाशा लोकांना छळू शकतो, हे या खेड्यांनी दाखवून दिले.

वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडची चिंता या कथेत उशिरा आली. १९७९ च्या कायद्याला तेलाच्या परावलंबनातून सुटका हवी होती. त्यासाठी आयात कोळसा जाळणेही त्याला मान्य होते. १९८५ साली डॅनिश संसदेने अणुवीज नको, असा निर्णय दिला, तेव्हाही देशाची मोठी वीजघरे कोळशावरच चालत होती. १९९२ साली कार्बन डाय-ऑक्साइडवर कर बसला, आणि १९९३ साली संसदेतील पक्षांनी मोठ्या वीजघरांना दरवर्षी बारा लाख टन पेंढा व दोन लाख टन लाकडाचा चुरा जाळण्याचे बंधन घातले. गव्हाच्या शेतातला पेंढा भट्टीत जाऊ लागला. आज दोनतृतीयांश डॅनिश घरे सामुदायिक उष्णतेवर आहेत आणि त्या उष्णतेचा मोठा भाग लाकूड, पेंढा व कचरा यांतून येतो. परंतु वीजघरांत जळणाऱ्या लाकडी गोळ्यांचा बराच साठा बाल्टिक देशांतून आणि अमेरिकेतून जहाजाने येतो. अरण्य वाचविण्यासाठी १८०५ साली आज्ञापत्र काढणाऱ्या देशाने दुसऱ्यांच्या अरण्यावर शेकावे काय, हा वाद तेथे चालू आहे. आणि तोडलेले झाड पुन्हा वाढते म्हणून त्याचा धूर हिशेबात धरायचा नाही, हे गणित ऐकायला जितके सरळ तितके व्यवहारात सरळ नाही.

या वादाला वेगळे उत्तर दिले ते एअरो बेटावरील मार्स्टाल या गावाने. शिडांच्या जहाजांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेले हे गाव. उष्णतेचे ग्राहक सुमारे दीड हजार. तेथील संस्थेने १९९६ साली गावाबाहेरच्या शेतात आठ हजार चौरस मीटर सौर तापक-पट मांडले. वाढवीत वाढवीत २०१२ पर्यंत ते तेहतीस हजार चौरस मीटरांवर नेले. पण डेन्मार्कात सूर्य उन्हाळ्यात आणि थंडी हिवाळ्यात! म्हणून जमिनीत एक प्रचंड खड्डा खणला, त्याला प्लास्टिकचे अस्तर लावले, वर तरंगते जाड झाकण घातले आणि त्यात पंचाहत्तर हजार घनमीटर पाणी साठविले. उन्हाळ्यातील ऊन या पाण्यात शिरते आणि थंडी पडली की नळांवाटे घरात येते. गावाच्या वार्षिक गरजेचा निम्मा भाग सूर्यावर भागावा असा हिशेब; उरलेली गरज लाकडाच्या चुऱ्यावर आणि उष्णता-पंपावर. कोकणातल्या माणसाला पावसाळ्याची बेगमी ठाऊक असते. मार्स्टालने उन्हाची बेगमी केली.

कोपनहेगनची गोष्ट निराळ्या मापाची. १९८४ साली राजधानी व फ्रेडरिक्सबर्ग यांसह पाच नगरसभांनी एक संयुक्त कंपनी काढून वीजघरांपासून वस्त्यांपर्यंत उष्णतेचे महानळ घातले. पश्चिमेकडील उपनगरांनी तशीच दुसरी कंपनी काढली. आज त्या शहरातील जवळजवळ सर्व घरे या जाळ्यावर आहेत. फ्रेडरिक्सबर्गचा जुना धडा शहर विसरले नाही. उलट जरा अधिकच गिरवून बसले. आमार बेटावर एक भव्य कचरा-भट्टी उभारली, तिच्या उतरत्या छपरावर बर्फावर घसरावे तसे घसरण्याची सोय केली, आणि मग भट्टीचे पोट भरण्यासाठी परदेशातून कचरा आणण्याची वेळ आली. २०२० साली देशातील कचरा जाळण्याची क्षमता तीस टक्क्यांनी घटविण्याचा करार राजकीय पक्षांना करावा लागला.

१९८०-९० च्या दशकांत वायूला देऊन टाकलेल्या भागांचा हिशेब २०२२ साली पुढे आला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपात वायूचे भाव अस्मानाला भिडले. त्या वेळी डेन्मार्कातील सुमारे चार लाख घरे वायूच्या बंबावर तापत होती. १९७३ च्या मोटारमुक्त रविवारांची आठवण असलेले वृद्ध पुन्हा अंगावर स्वेटर चढवून बिले वाचू लागले. जून महिन्यात सरकार आणि पक्ष यांच्यात करार झाला, आणि नगरसभांच्या माथी जुनेच काम नव्याने आले: गल्ली-गल्लीचा नकाशा काढा आणि वर्षअखेरपर्यंत वायूवरच्या प्रत्येक घराला पत्राने कळवा, की सामुदायिक नळ तुमच्या दारी येणार आहे किंवा नाही, येणार असेल तर केव्हा, नसेल तर स्वतःचा उष्णता-पंप बसवा. नगरसभा आता २७५ नव्हत्या. २००७ सालच्या फेररचनेनंतर ९८ उरल्या होत्या. जेथे नळ न्यायचे तेथे २०२८ पर्यंत न्यावेत, असे ठरले. जर्मनीनेही २०२४ पासून अंमलात आलेल्या कायद्याने एक लाखावर वस्तीच्या शहरांना असा आराखडा करण्यास २०२६ च्या मध्यापर्यंत व लहान गावांना २०२८ च्या मध्यापर्यंत मुदत दिली.

डेन्मार्कातील ती पत्रे वेळेवर गेली. पुढचे काम मात्र अवघड निघाले. सक्तीचा अधिकार उरला नसल्याने प्रत्येक वस्तीत आधी पुरेशा लोकांची संमती गोळा करावी लागते. नळ, खोदाई आणि कर्जाचे व्याज महाग झाल्याने काही संस्थांनी आखलेले विस्तार सोडून दिले. दरम्यान वाट पाहून कंटाळलेल्या घरांनी आपापले उष्णता-पंप बसवून घेतले. असे एकेक घर बाहेर पडले की उरलेल्यांच्या माथ्यावरचा नळाचा खर्च वाढतो, आणि संख्या एका मर्यादेखाली गेली की संस्थेची सभा भरून त्या गल्लीचे नाव योजनेतून वगळले जाते. एस्बियर बंदरात कोळशाचे वीजघर २०२४ साली बंद झाले आणि समुद्राच्या गार पाण्यातून उष्णता ओढून घेणारे प्रचंड पंप तेथे सुरू झाले. ती उष्णता ज्या नळांतून शहरात जाते, ते नळ कोळशाच्याच काळात घातलेले आहेत.